दोन प्लस

अर्जातल्या अकराव्या रकान्यापाशी येऊन रत्नदीपचा पेन थांबला. 'रंगओळख सामान्य आहे काय?' एवढाच प्रश्न होता आणि पुढे दोन चौकोन होते, एक 'हो'चा, एक 'नाही'चा.

वर्ध्याच्या बसस्टँडमागे एका दुमजली इमारतीत ती संस्था होती. लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स नुकताच संपला होता. नागपूर रोडवरच्या नव्या हॉस्पिटलात लॅबमध्ये जागा निघाली होती, तीही एकच, आणि मुलाखत सोमवारी होती. सात जणांचे अर्ज भरून घ्यायला सरिता मॅडमनी गुरुवारी सगळ्यांना बोलावलं होतं. मॅडम स्वतः बारा वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये राबलेल्या. त्यामुळे अर्ज वाचणारा माणूस कुठे थांबतो, कुठे भुवई उंचावतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहा," त्या फळ्यापाशी उभ्या राहून सांगत होत्या. "छंदामध्ये उगाच वाचन लिहू नका. मग ते विचारतात, शेवटचं काय वाचलं, अन् तुम्ही छताकडे पाहता. आणि खोटं तर अजिबात नको. खोटं लिहिलेलं लक्षात ठेवावं लागतं, खरं ठेवावं लागत नाही."

रत्नदीपने 'हो'च्या चौकोनात खूण केली. बाजूला बसलेल्या प्रफुलने ती पाहिली आणि मान आपल्या कागदात घातली.

रत्नदीप अल्लीपूरचा. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक लोकांना दिसतो तसा दिसत नव्हता, आणि जांभळा निळ्यासारखाच वाटायचा. हे त्याला कोणी डॉक्टरने सांगितलं नव्हतं, मिरचीने सांगितलं होतं. नऊ वर्षांचा असताना तो आईसोबत मिरची तोडायला गेला होता. लालच तोड, असं बजावून सांगितलं असताना त्याने अर्धं पोतं हिरव्या मिरचीने भरलं. शेतमालकाने ते सगळ्या बायांसमोर जमिनीवर ओतलं. बाया हसल्या. पोट्टा मुद्दाम वात्रटपणा करतो म्हणून आईने, पंचफुलाने, त्याच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून तो एक गोष्ट शिकला. रंगाचा विषय निघाला की आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं.

हे माहीत असलेला जगात एकच माणूस होता, प्रफुल. मागच्या हिवाळ्यात रत्नदीप त्याच्या गावी, तळेगावला गेला होता. प्रफुलचे वडील ताराचंदजी संत्र्याचे व्यापारी. बगीच्यात माल निवडताना रत्नदीपच्या हाताखालच्या क्रेटमध्ये कच्ची-पिकली सगळीच संत्री एक झालेली प्रफुलने पाहिली.  त्याने ती क्रेट गुपचूप पुन्हा निवडली. मात्र परतीच्या बसमध्ये विचारलं, "तुले दिसत नाई ना बे?" रत्नदीप म्हणाला, "नाई." त्यानंतर प्रॅक्टिकलला प्रफुल नेहमी त्याच्या बाजूला उभा राहू लागला. लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग पाहून साखर किती, एक प्लस की दोन प्लस, ते सांगायचं असलं की प्रफुल टेबलावर तितक्या वेळा बोट टेकवायचा. बाकी सगळं रत्नदीप स्वतःच निभावून न्यायचा. नळ्यांवरची लेबलं वाचायचा, रॅकमधल्या जागा पाठ ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली पेशी आकारावरून ओळखायचा. वर्गात पहिला यायचा तो.

शनिवारी मॅडमनी सरावाची मुलाखत घेतली. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा नाकावर ओढला आणि एकेकाला दाराबाहेरून आत बोलावू लागल्या. केळझरची रक्षा बसतानाच अडखळली. प्रफुल इतकं भरभर बोलला की मॅडमनी हात दाखवून त्याला थांबवलं. रत्नदीप आला, परवानगी घेऊन बसला, आणि विचारलं तेवढंच नीट बोलला. रक्त घेताना पेशंटला भोवळ आली तर काय कराल? दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नसतील तर? त्याचं एकेक उत्तर ऐकताना मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं.

"असं बोलायचं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "आता टेबलाकडे या."

टेबलावर रॅक होता. त्यात दहा रिकाम्या नळ्या. पण रत्नदीप जवळ गेला आणि जागीच थांबला. नळ्यांवर लेबलं नव्हती. मॅडमनी ब्लेडने ती खरवडून काढली होती, आणि नळ्यांची जागाही उलटसुलट केली होती.

"लेबल वाचून कोणीही सांगेल," त्या म्हणाल्या. "धावपळीत हात झाकणाच्या रंगावर गेला पाहिजे. चल रत्नदीप. सीबीसीची नळी काढ."

सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, जांभळं झाकण. रत्नदीपने रॅककडे पाहिलं. चार झाकणं त्याला एकसारखी निळसर दिसत होती. प्रफुल टेबलाच्या पलीकडे, मॅडमच्या मागे उभा होता. रत्नदीपने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा मॅडमनीही वळून पाहिलं. मग काही उपाय उरला नाही. त्याने एक नळी उचलली.

"ही रक्त गोठण्याच्या तपासणीची आहे," मॅडम म्हणाल्या. "परत काढ."

त्याने दुसरी काढली. तीही तीच निघाली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ती नळी त्याच्या हातातून घेतली, रॅकमध्ये ठेवली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "आज पुरे. सोमवारी नऊ वाजता हॉस्पिटलच्या गेटपाशी या. रत्नदीप, तू थांब."

सगळे गेल्यावर त्यांनी दार लोटलं. आपल्या साडीचा पदर टेबलावर पसरला. "हा काठ कोणत्या रंगाचा?"

रत्नदीप पदराकडे पाहत राहिला.

"अन् ही फुलं?"

"मॅडम, दोन वर्षांत माझी एक चूक दाखवा," तो म्हणाला. "एक रिपोर्ट दाखवा चुकलेला."

मॅडम खुर्चीत बसल्या. वर्गात त्या ठरवून शुद्ध बोलायच्या, पोरांच्या कानाला सवय व्हावी म्हणून. आता त्यांचं बोलणं घरचं झालं. "चूक झाली असती तर मले अन् तुले कळलीच नसती बापू. जो पलंगावर पडून हाय ना, त्याले कळली असती. प्रफुल सांगत होता ना तुले?"

रत्नदीपने मान खाली घातली.

"दोन वर्षं माझ्या डोळ्यासमोर," मॅडम जणू स्वतःशीच बोलल्या. "अन् मी तुह्यासाठी शिफारशीचं पत्र लिवलं. 'याच्या हातून चूक होत नाही' असं लिवलं. सही करून ठेवली. फॉर्मवर काय खूण केली तुनं?"

"हो म्हनून."

"हां."

 खाली बसस्टँडवर कंडक्टर पुलगाव, पुलगाव ओरडत होता.

"सोमवारी तूच सांग त्यायले," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं तर ते चुगली केल्यासारखं होईन. तू सांगितलं तर ते वेगळं."

"सांगितलं तर घेतीन का मले?"

"लॅबच्या टेबलावर? नाई घेनार."

"मंग सांगून काय उपेग?"

 "मले विचार करू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी रत्नदीप अल्लीपूरला घरी होता. पंचफुला गावातल्या आरोग्य केंद्रात परिचर होती. झाडलोट, पाणी भरणं, बाळंतिणीची कापडं, जे पडेल ते काम. तिथल्या लॅबच्या दारातून ती रोज आत पाहायची. पांढरा कोट घातलेला टेक्निशियन आत एकटाच स्टुलावर बसलेला असायचा आणि कोणी त्याला वरच्या आवाजात बोलत नसे. पोराला त्या स्टुलावर बसवायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं.

ती शर्टाला इस्त्री करत होती. "पांढराच घालशीन का? निळा घे ना, तुले बरा दिसते."

"पांढराच."

"तुहे सगळेच शर्ट पांढरे," ती म्हणाली. "पुढाऱ्यावानी."

तिला आत्ता सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण कॉलर सरळ करताना तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून तो उठला आणि बाहेर ओट्यावर गेला. तिथेच प्रफुलचा फोन आला.

"मॅडमनं ओळखलं?"

"हाव."

"काय म्हनतात?"

"तूच सांग म्हनतात त्यायले. नाईतर पत्र वापस घेतीन, काय करतीन, काई बोलल्या नाई."

 "हे पाय, प्रॅक्टिकलच्या टेबलावर दोघादोघायले बोलावतात. मॅडम आत नसनार. मी तुह्या बाजूले राहीन. नेहमीसारखं. नळ्यायवर तर लेबल असतेच. पट्टीचं मी पाहून घेतो."

"तू बी त्याच जागेसाठी हायेस ना पन," रत्नदीप म्हणाला.

"हाय तं."

"मंग?"

"मंग काय? तुले सांगून राह्यलो ना, पाहून घेतो म्हनून," प्रफुल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या 'हाय तं'वर रत्नदीपचं मन अडकलं. प्रफुल सहज बोलला होता की थोडा थांबून बोलला होता, हे तो जेवताना आठवत राहिला. सकाळच्या एसटीतही तेच आठवत बसला.

सोमवारी नऊला सातही जण हॉस्पिटलच्या गेटवर होते. मॅडम रिक्षातून उतरल्या. डोळे सुजलेले होते, झोप झाली नव्हती हे दिसत होतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं पत्र दिलं. रत्नदीपच्या पाकिटाशी आल्यावर त्यांनी ते लगेच दिलं नाही.

"हे फाडायले मी दोनदा हातात घेतलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग म्हटलं, नाई. माह्यी सही हाय, जबाबदारी माह्यी. आत देयाचं का नाई, ते तू ठरव." त्यांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि त्या बाकाकडे निघून गेल्या. त्यांनी ते फाडलं असतं तर बरं झालं असतं, असं रत्नदीपला वाटलं.

त्याचं नाव साडेदहाला पुकारलं गेलं. आत तिघं होते. मधोमध लॅबच्या प्रमुख डॉक्टर ज्योत्स्ना, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. एका बाजूला ऑफिसचे निकेश सर, दुसऱ्या बाजूला म्हातारे सीनियर टेक्निशियन डोमाजी. रत्नदीपने अर्जाची फाइल ठेवली. पाकीट त्याने फाइलच्या आतच राहू दिलं. दिलंही नाही आणि लपवलंही नाही.

प्रश्न सुरू झाले. सरावात विचारलेलेच बहुतेक. पेशंट सुई टोचू देत नसेल तर? सॅम्पलवर नाव नसेल तर? "नाव नसलेलं सॅम्पल मी तपासणार नाही," तो म्हणाला. "वॉर्डला परत पाठवीन, ओरडा बसला तरी." डोमाजींनी डॉक्टरांकडे पाहून मान हलवली. निकेश सरांनी ड्यूटीच्या वेळा विचारल्या. अकराव्या रकान्याचा विषय कोणी काढलाच नाही. दहा मिनिटांत तो बाहेर आला तेव्हा सगळं छान झालं होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

बाकावरून मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मॅडमनी नजर काढून घेतली.

दुपारी बारा वाजता टेबलासाठी नावं आली. सातपैकी तिघांनाच थांबवलं होतं. रक्षा, प्रफुल आणि रत्नदीप. रक्षाचं आधी झालं. मग दोघांना एकत्र आत घेतलं.

लॅब थंड होती, यंत्रांचा एकसारखा घुंई आवाज येत होता. लांब टेबलावर दोघांसाठी सारखीच मांडणी केली होती. रॅकमधल्या नळ्यांवर लेबलं होती. रत्नदीपने श्वास सोडला. डोमाजी एकेक तपासणीचं नाव घेत गेले आणि दोघं नळ्या काढत गेले. रत्नदीपचा हात एकदाही चुकला नाही. स्लाइड त्याने प्रफुलपेक्षा चांगली पसरली. डॉक्टर ज्योत्स्ना वाकून पाहून गेल्या.

मग डोमाजींनी दोघांपुढे लघवीचा एकेक लहान ग्लास ठेवला. "एकाच सॅम्पलचे दोन भाग आहेत. पट्टी लावा, साखर किती प्लस ते कागदावर लिहा. एकमेकांचं पाहायचं नाही."

रत्नदीपने पट्टी बुडवली, बाहेर काढली, कडेला निथळू दिली, घड्याळ पाहिलं. हात सगळं बरोबर करत होते. वेळ झाल्यावर त्याने पट्टी डबीवरच्या तक्त्यापाशी धरली. तक्त्यावर चौकोनांची रांग होती. लोकांना त्यात निळा, हिरवा, मग तपकिरी होत जाणारे रंग दिसतात. त्याला तिथे पहिला चौकोन सोडला तर मातकट, थोडे फिके, थोडे गडद तुकडे दिसत होते. पट्टीवरचा तुकडा त्यांतल्या तिघांशी तरी जुळत होता.

बाजूला प्रफुलने कागदावर काही लिहिलं आणि पेन खाली ठेवला. मग त्याचं बोट टेबलावर टेकलं. एकदा. दुसऱ्यांदा. थांबलं.

दोन.

रत्नदीपने पेन उचलला. 'साखर' लिहिलं. पुढे दोनचा आकडा काढायचा, बास. पण पेन पुढे सरकेना. दोन वर्षं त्याने या बोटावर विश्वास ठेवला होता. आज मात्र पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, खरंच दोन असेल का? जागा एक आहे. प्रफुलने तीन लिहून दोन वाजवले असतील तर? त्याने मान किंचित वळवून प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलच्या कानाजवळून घामाची धार उतरत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कपट असतं तरी घाम येईल आणि मैत्री असली तरी येईल.

त्याला स्वतःच्या विचाराची लाज वाटली. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली, ती लाजेपेक्षा वाईट होती. ज्याने कधी दगा दिला नाही त्याच्यावर आज तो संशय घेत होता, आणि संशय खरा की खोटा हे पाहायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. उद्या या खुर्चीत बसला तर बाजूला प्रफुलही नसेल. कोणी तरी दुसराच असेल, किंवा कोणीच नसेल, आणि ग्लासवर कुणाच्या तरी आईचं नाव असेल.

"झालं?" डोमाजींनी विचारलं.

"सर," रत्नदीप म्हणाला. त्याने पेन खाली ठेवला. "मला हा रंग वाचता येत नाही."

डॉक्टर ज्योत्स्ना कॉम्प्युटरपाशी होत्या. त्या वळल्या. "वाचता येत नाही म्हणजे?"

"लाल, हिरवा, तपकिरी मला वेगळे दिसत नाहीत. जांभळा अन् निळापण. लहानपणापासून." मॅडमनी शिकवलेली शुद्ध भाषा इथे त्याला सोडून गेली. "फॉर्मवर मी खोटं लिवलं. आमच्या मॅडमले हे परवापर्यंत माहीत नव्हतं, त्यायची काई चूक नाई."

डोमाजींनी हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टर टेबलाशी आल्या. त्यांनी आधी रत्नदीपचा कागद पाहिला, ज्यावर नुसतं 'साखर' लिहिलं होतं. मग प्रफुलचा कागद उचलला.

"दोन प्लस. बरोबर आहे," त्या म्हणाल्या. कागद हातातच ठेवून त्यांनी प्रफुलकडे पाहिलं. "टेबलावर दोनदा बोट तूच वाजवलंस ना?"

प्रफुलचा चेहरा उतरला. रत्नदीपने मधे बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी प्रफुल म्हणाला, "हो मॅडम. मीच."

"कॉलेजमध्येही असंच चालायचं?"

"हो."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "तू मित्राला मदत करत होतास असं तुला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या लॅबमधून जो रिपोर्ट जातो तो वाचून कोणी तरी इन्सुलिनचा डोस ठरवतं. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

बाहेर आल्याआल्या प्रफुल जिन्याकडे चालू लागला. रत्नदीप त्याच्या मागे गेला. लँडिंगवर प्रफुल थांबला.

"मी खरंच दोन वाजवले होते."

"माहीत हाय."

"आत्ता माहीत झालं तुले. डॉक्टरनं सांगितल्यावर. तवा माहीत नव्हतं." प्रफुलचा आवाज वर गेला नाही. "तू माह्याकडे पाह्यलं ना, तवाच समजलं मले. दोन वर्षात कधी असं पाह्यलं नव्हतं तुनं."

रत्नदीपला सांगायचं होतं ते इतकंच, की त्याने संशय घेतला होता आणि तरी प्रफुलचं नाव घेतलं नव्हतं. पण त्यातलं दुसरं सांगून पहिलं पुसलं जाणार नव्हतं. प्रफुल जिना उतरून गेला. गेटबाहेर त्याने मागे वळून पाहिलं नाही.

सरिता मॅडम मात्र उठून आत गेल्या, कोणी बोलावलं नसताना. काचेच्या दारातून रत्नदीपला त्या दिसत होत्या. त्या उभ्याच होत्या, डॉक्टरांनी खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. पाऊण तासाने त्या आल्या. "मी म्हटलं, दोन वर्षं माझ्यासमोर होता अन् मले दिसलं नाई, तं आंधळी कोण?" त्या म्हणाल्या. "त्या म्हनाल्या, प्रवेशाच्या दिवशीच डोळे तपासत जा. खरं हाय त्यायचं. मले सुचलंच नव्हतं." मग म्हणाल्या, "तुले नाई घेत ते. प्रफुललेही नाई."

"प्रफुलनं काई केलं नव्हतं मॅडम."

"केलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुह्यासाठी केलं होतं. पन केलं होतं."

नोकरी रक्षाला लागली.

संध्याकाळी अल्लीपूरला उतरल्यावर रत्नदीप घरी न जाता आरोग्य केंद्रात गेला. पंचफुला व्हरांडा पुसत होती. त्याने बादलीशेजारी पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं, मिरचीच्या शेतापासून. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली. संपल्यावर तिने फडकं पिळलं.

"म्हंजे तुले दिसतच नव्हतं," ती म्हणाली. "अन् मी मारलं."

"तुले काय माहीत होतं माय."

ती पुन्हा व्हरांडा पुसू लागली. आधी पुसलेलीच फरशी तिने दोनदा पुसली.  

बुधवारी ती न सांगता हिंगणघाटला गेली. तिथल्या सरकारी दवाखान्यात पेशंट पोचवायला ती अनेकदा गेली होती आणि प्रत्येक वेळी भिंतीला चिकटून उभी राहिली होती. त्या दिवशी ती सरळ एक्स-रेच्या खोलीपाशी गेली आणि आतल्या टेक्निशियनला विचारलं, "साहेब, तुमच्या कामात रंग ओळखा लागते का?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्याने एक फिल्म उजेडापुढे धरली. "इथी काय हाय मावशी, काळं अन् पांढरं. बाकी भरतीचे नियम काय हायेत, ते इचारून घ्या लागन."

रत्नदीपने विचारून घेतलं. मॅडमनी दोन ठिकाणी फोन केले, एका ठिकाणी स्वतः सोबत आल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे त्याला विचारले, तो बहुतेक चुकला, आणि त्यांनी ते कागदावर लिहून सही-शिक्का मारून दिलं. तो कागद त्याने रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रेच्या कोर्सच्या, प्रवेश अर्जाला स्वतः टाचणी मारून जोडला. सगळीकडे चालतं असं नव्हतं. एका संस्थेने सरळ नाही म्हटलं. दुसरीने तासभर बसवून ठेवलं, दोघा-तिघांना विचारलं आणि मग घेतलं. पुन्हा दोन वर्षं होती. पंचफुलाला तिच्या ओळखीच्या बाया विचारायच्या, पोरगं शिकतच राह्यते का व? ती म्हणायची, शिकू दे.

प्रफुलला त्याने या काळात चार वेळा फोन केला. प्रफुलने उचलला नाही. मॅडमकडून कळलं की त्याला आष्टीच्या एका खाजगी लॅबमध्ये काम मिळालं, आणि मॅडमनी त्याच्यासाठी लिहिलेल्या पत्रात हॉस्पिटलात जे झालं तेही लिहिलं होतं. ते पत्र घेऊन जायला तो आधी तयार नव्हता. मग घेऊन गेला.

कोर्स सुरू व्हायला आठ दिवस होते तेव्हा प्रफुलचाच फोन आला. रत्नदीप वर्ध्यात खोली शोधत उन्हात फिरत होता.

"मॅडम सांगत होत्या," प्रफुल म्हणाला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "खोली भेटली का?"

"नाई अजून."

"माह्यी वर्ध्यातली खाली करून राह्यलो मी. सामान शनिवारी नेतो. मालकीन मंदाबाई, ओळखतोस तू. पाणी सकाळी सातलेच येते, भरून घेजो."

"बरं." रत्नदीप रस्त्याच्या कडेला, एका पानठेल्याच्या सावलीत सरकला. "प्रफुल, त्या दिवशी..."

"ते राहू दे आता," प्रफुल म्हणाला. त्याचा राग पूर्ण गेला नव्हता, आवाजात कळत होतं. "पलंग ठेवून जातो. एक पाय ढिला हाय त्याचा, खाली वीट लावजो."

"शनिवारी येऊ का सामान उचलायले?"

पलीकडे कुणी तरी प्रफुलला हाक मारत होतं, सॅम्पल आलं म्हणून. "ये," तो म्हणाला. "दहा वाजता ये. टेम्पोवाला थांबत नाई."